जुन्यानं जागा अडवली

माझ्या कानात लहानपणीचा एक आवाज अजून आहे. विटेवर थापी घासल्याचा. खर्र... टक. खर्र... टक. वडील आणि चुलते वेगळे झाले, तेव्हा गवंडी आमच्या घराच्या मधोमध भिंत घालत होता. मी आईला चिकटून ते ऐकत होतो. संध्याकाळी पलीकडे चुलती भाकरी थापते आहे हे ऐकू आलं, पण चुलती दिसली नाही.

आता म्हणाल, आबा, हसवतो म्हणालात आणि हे काय काढलंत? थांबा जरा. त्या थापीपायीच मी यंदा आमच्या भाजे गावात अशी काही माती खाल्ली, की हातातला कप आधी खाली ठेवा. चहा नाकात जाईल.

मी पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. आत धाकटी सून रेश्मा तिच्या भावाशी फोनवर बोलत होती. भाऊ लोणावळ्याला असतो, कम्प्युटर दुरुस्त करतो. फोन मोठ्या आवाजात ठेवलेला. म्हणजे मी चोरून ऐकलं असं म्हणू नका. कान माझे होते, पण आवाज त्यांचा!

रेश्मा म्हणाली, "दादा, पार्टिशन होतच नाहीये रे."

शेंग माझ्या हातातच राहिली. पार्टिशन मला चांगलं ठाऊक आहे. मळवलीला मी ज्या बंगल्याची राखण करायचो, तिथल्या शेठनी हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं. आणि भावाभावांचे पार्टिशनचे दावे तर गावात किती पाहिले! अर्थ दोन्हीचा एकच. भिंत.

"का होत नाही?" भावानं विचारलं.

"जुन्यानं सगळी जागा अडवलीय. किती सरकवलं तरी सरकत नाही."

तुम्हीच सांगा, घरात जुना कोण? मांजरसुद्धा माझ्यानंतर आलेलं.

"मग उडवून टाक की जुन्याला!"

काय पाहुणा बघा! दिवाळीला याच माणसाला मी आग्रह करकरून करंज्या वाढल्या होत्या.

"नको रे," रेश्मा म्हणाली. "शोभाताईंचं सगळं काम त्याच्यावरच चालतं."

शोभा म्हणजे थोरली सून. मला जरा बरं वाटलं. तिला रोज दूध आणून देतो, सरपण फोडून देतो, त्याची कुणीतरी नोंद ठेवली म्हणायची.

"बरं, आधीच चार झालेत का बघ. चारच्या वर घेत नाही ते."

"हो, चार भरलेत."

दोन मुलगे, दोन मुली. चार! आता शंका कसली?

"त्यात एक कोपऱ्यातली बारकी आहे," रेश्मा सांगत होती. "कधी कुणाच्या कामाला आलेली नाही."

"तिला डिलीट कर मग. तीच जागा नव्याला देऊ."

कोपऱ्यातली बारकी म्हणजे माझी धाकटी लेक मंदा. तिला कुरवंड्याला दिलीय, पार डोंगराच्या कोपऱ्यात. आणि डिलीट काय असतं ते मला माहीत आहे. मागे माझ्या बोटानं नातवाच्या बारशाचे फोटो डिलीट झाले, ते आजतागायत परत आले नाहीत.

मी परसात जाऊन मंदाला फोन लावला.

"मंदे, तुला डिलीट करायचं चाललंय."

"आबा, जेवलात का तुमी?"

"कोपऱ्यातली बारकी, कुणाच्या कामाची न्हाई, आसं म्हनतीया."

"कोन?"

"रेश्मा."

पलीकडून नुसतं एवढंच, "आलेच."

ती येईपर्यंत मी विचार केला. जागा जुन्यानं अडवलीय ना? मग जुनाच आपण होऊन सरकला तर? भिंत घालायला कारणच उरणार नाही. मी माझी ट्रंक आणि वाकळ उचलली आणि अंगणापलीकडच्या पेंढ्याच्या छपरात नेऊन ठेवली. छप्पर वाईट नाही हो. ऊब असते. उंदीर आहेत, पण ते भांडत नाहीत.

तेवढ्यात मंदाची स्कूटर आली. हेल्मेट न काढताच ती घरात शिरली, मी तिच्या मागोमाग.

"कोन मला डिलीट करतंय?"

लॅपटॉपपुढं बसलेली रेश्मा दचकली. "काय?"

"मी कुनाच्या कामाची न्हाई व्हय? वयनी, तुमच्या बाळंतपनात धुनी कुनी धुतली? शेक कुनी दिला?"

शोभा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "आगं, काय झालं? आन हे डोक्यावरचं तरी काढ!"

"मोठ्या वयनी, तुमाला पत्ताच न्हाई! घराचं पार्टिशन चाललंय हितं!"

शोभाचा चेहरा उतरला. "रेश्मा, व्हय गं?"

"घराचं नाही ताई! लॅपटॉपचं!"

रेश्मानं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत पट्ट्या होत्या, तीन लांबलचक आणि कोपऱ्यात एक बारकी. शोभा पर्यटकांच्या खोल्यांचं बुकिंग करते ती जुनी सिस्टीम, म्हणजे त्यांचा तो 'जुना'. रेश्माच्या क्लासला लागते ती नवी. एकाच मशीनमध्ये दोघींना राहायचं, तर प्रत्येकीला आपली जागा वाटून द्यावी लागते. पण मशीन जुनं, चारांहून जास्त मोठ्या वाटण्या मानत नाही. म्हणून बिनकामाची बारकी पुसायची, जुनीला जरा आवरून बसवायचं आणि तिथं नवीला घर करायचं.

मंदानं आता कुठं हेल्मेट काढलं. "मंजे बारकी ही पट्टी? आन मी चुलीवर आमटी टाकून आले!"

शोभा खांबाला धरून हसत सुटली.

मी आपलं विषय बदलायला विचारलं, "पन दोगी एका घरात भांडत न्हाईत?"

"नाही आबा," रेश्मा म्हणाली. "सुरू करताना मशीनच विचारतं, आज कोण पाहिजे, जुनी की नवी?"

विचारतं! तो निर्जीव डबा विचारतो. आणि मी एवढा पिकलेला माणूस, उंबरा ओलांडून पोरीला एक शब्द विचारला नाही. थेट कुरवंड्याहून फौज बोलावली!

तोच रेश्माची नजर दारातून बाहेर छपराकडे गेली.

"आबा, तुमची ट्रंक पेंढ्यावर का आहे?"

मी पडवीतल्या शेंगांच्या सुपाकडे बघत म्हटलं, "तूच म्हनालीस ना बाय, जुन्यानं जागा अडवलीय. म्हटलं, कुनी सरकवायच्या आदी आपुनच सरकावं. घरात भिंत तरी नको."

मंदा तोंडाला पदर लावून हसली. शोभा तर खालीच बसली. रेश्मा मात्र हसली नाही. ती उठून छपरात गेली. ट्रंकेवरचा पेंढा हातानं झाडला, वाकळ खांद्यावर टाकली, ट्रंक कमरेवर घेतली आणि माझ्या समोरून माझ्या खोलीकडे निघून गेली.