जळक्या व्हॅनचा हँडब्रेक

आधीच सांगते, चौकात उतरवून टाकलेलं लिंबू घरी आणून मी त्याचं सरबत केलेलं आहे. आमच्या घरात देव नाहीत, पत्रकं आहेत. पणजोबा कापडावर ठसे छापायचे, बाबा पत्रकं छापतात, मी ती लिहिते; माझं नावच क्रांती. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण झालं ते असं.

आम्ही म्हैसूरचे. मंडी मोहल्ल्यात माझ्या मामाचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, मागे पत्र्याची शेड. ठोकलेल्या, जळालेल्या गाड्या घेऊन तो त्यातले चांगले पार्ट काढून विकतो. मी पार्ट साफ करते, फोटो काढून ऑनलाइन टाकते.

गेल्या हिवाळ्यात बैलकुप्प्याहून परतणारी एक टुरिस्ट व्हॅन उतारावर पेटली. प्रवासी वाचले, पण एका बाईंचे हात भाजले. त्यांच्या घरचे म्हणाले, ड्रायव्हर आधी उडी मारून पळाला, गाडी तशीच घरंगळत होती. मी लगेच कन्नडमध्ये पत्रक लिहिलं. खरं तर ते गाडीमालकांविरुद्ध होतं — देखभाल नाही, आग विझवायचा सिलिंडर नाही. पण पहिली ओळ झणझणीत हवी! म्हणून लिहिलं, ‘प्रवाशांना आगीत सोडून ड्रायव्हर पळाला.’ त्याचं नावही घातलं. सिद्दराजू.

पत्रक वाटून झालं आणि काही दिवसांनी तीच व्हॅन मामाच्या शेडमध्ये आली. क्रेनवरून उतरवली, ढकलायला गेलो तर मागची चाकं फिरेनात.

“हँडब्रेक ओढलाय की गं,” मामा आत डोकावून म्हणाला. “शेवटच्या दात्यापर्यंत. पळणारा माणूस ब्रेक ओढून पळतो होय?”

“उष्णतेने धातू प्रसरण पावतो, मामा. अडकला असेल.”

“हौदा? असं होय? मग माझी स्कूटर पण उन्हात ठेवून बघतो. आपोआप ब्रेक लागला तर बरंच.”

मी हसले नाही. दांड्याची मूठ वितळली होती. मामाने आतली सळई पक्कडीने दाबून धरली, मी हातोडी मारली, दांडा खाली बसला. उष्णतेने दांडा अडकू शकतो, ओढला जाऊ शकत नाही... हे मला तेव्हाही कळत होतं.

गिअरबॉक्स निघाला, अॅक्सल निघाला, शेवटी हँडब्रेकही खोलला. डिझेलने धुऊन, दांडा खाली करून मी तो फळीवर ठेवला. सकाळी आले तर दांडा वर.

“मामा, हा तू ओढलास?”

“मला दुसरी कामं आहेत, क्रांतीबाई.”

स्प्रिंगमुळे असेल, म्हणून स्प्रिंग काढली. पुन्हा वर. मग बाइंडिंग वायरने करकचून बांधला. सकाळी तारेचं वेटोळं बाजूला पडलेलं, एकही पीळ सुटलेला नाही — आणि दांडा वर! मामा उदबत्ती शोधायला लागला.

“उदबत्ती बेडा, मामा. नको ते करू नकोस.”

“मग काय करू? त्याच्या नावाने पत्रक काढू? सिद्दराजूचं काढलंस ना. मालकाने तेच नाचवून त्याला कामावरून घालवलं. आता त्याच्या हातात कुणी स्टिअरिंग देत नाही.”

म्हणजे मालकाविरुद्ध लिहिलेलं पत्रक मालकानेच वापरलं, कामगारावर.

त्याच दुपारी मामा जेवायला गेला होता. मी ब्रेकचा ड्रम घासत होते. मागे आवाज झाला — किट... किट... किट. वळून पाहिलं. फळीवरचा दांडा एकेक दाता चढत होता. घाईने नाही. उतारावर गाडी लावणारा माणूस जसा सवयीने ओढतो तसा, पार शेवटपर्यंत.

मी घासणी तिथेच टाकली आणि सिद्दराजूचं घर विचारत निघाले.

दोघं नवराबायको उंबऱ्यात बसून मल्लिगेचे गजरे करत होते. त्याला ते धड जमत नव्हतं. मी कोण ते सांगितलं. मीच पुढे म्हणाले, हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. तुम्ही गाडी थांबवून मगच उतरलात.

“ओढला होता,” तो इतकंच म्हणाला. “पाणी आणायला धावलो. सगळ्यांना सांगितलं.” आणि बायकोकडे पाहिलं.

तिचे, रत्नम्माचे, हात थांबले. “मी पण मानलं नाही याचं. छापलेलं होतं ना.” मग मला विचारलं, “तू कधी पाहिलंस गं?”

“गाडी शेडमध्ये आली त्याच दिवशी.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

नंतर मी चूक कबूल करणारं पत्रक काढलं. त्याच दुकानांत, त्याच कॉलेजच्या फाटकावर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी केली, पुढे गेले. सिद्दराजूला काम अजून मिळालेलं नाही. मामाने तो हँडब्रेक विकला नाही. आजही खाली करून ठेवला की सकाळी वर असतो. कारण मला सापडलेलं नाही. इंजिनीअर मित्रांना दाखवला, त्यांनाही नाही.

रत्नम्माच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या उंबऱ्यातच माझ्याजवळ होतं — पत्रक वाटून झालं होतं, म्हणून. पण मी म्हणाले, “पाहिलं होतं, पण तेव्हा लक्षात आलं नाही.”

तिने तेही खरं मानलं.