न आलेला बिबट्या

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात नातीने लॅपटॉपवर पोलंडचा एक सिनेमा लावला आणि टाळणं संपलं. डोंगरातल्या गावात एकटी राहणारी म्हातारी. तिची कुत्री नाहीशी होतात, मग शिकारी एकेक करून मरू लागतात, आणि ती पोलिसांना ठामपणे सांगते की जनावरं सूड घेताहेत. नात हसत होती, मीही हसलो. पुढे कळलं की कुत्री त्या शिकाऱ्यांनीच मारली होती, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

आमचं गाव आर्वीकडे, जंगलाला लागून. तुरीत रानडुकरं शिरायची म्हणून आम्ही चौघं पहाटे शिकारीला जायचो. तिघं हाका घालून डुकरं उठवायचे, ठासणीची बंदूक माझ्याकडे. एकदा तूर हलली आणि मी बार टाकला. आत शेजारच्या वहिनींचा काळा कुत्रा पडला होता. वहिनी एकट्या, तो त्यांच्यामागे शेतात, दुकानात, भजनालाही जायचा.

शिकार चोरटी, बंदूकही बिनपरवान्याची. आम्ही त्याला नाल्याकाठी पुरलं आणि गावात सांगितलं, बिबट्याने नेला.

मग बिबट्या आमच्या हाती राहिला नाही. आठवड्यात तो गावातल्या तिघांना दिसला. एकाकडे तर त्याने वळूनही पाहिलं. वनखात्याने पिंजरा लावला. आतली बकरी फुकटचा पाला खाऊन फुगली.

डुक्कर पडलं की सगळ्यांना वाटा, आणि बार टाकणाऱ्याला मुंडकं जास्तीचं, अशी आमच्यातली रीत. पुढचं डुक्कर पडलं तेव्हा माझा सगळा वाटा मी वहिनींकडे नेला.

"घेऊन जा भाऊ. हाडं कोणाले टाकू आता?"

"ठेवा ना, वहिनी."

"मीच सोडलं त्याले त्या दिवशी. लय भुकून राह्यला होता, म्हटलं जाय. मीच त्याले बिबट्याच्या तोंडी देलं."

"तुमचा काय दोष त्यात?"

"तुमाले काय मालूम, भाऊ."

मी मटण घेऊन परत आलो. बंदूक पडक्या विहिरीत टाकली. वहिनींनी पुन्हा कुत्रा पाळला नाही. दुसऱ्या कोणाचा मोकळा दिसला तरी म्हणायच्या, "बांधून ठेवजा बाप्पा." तसं म्हणत म्हणतच त्या गेल्या.

सिनेमा संपल्यावर नातीला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "आजोबा, त्या बकरीचं काय झालं?"

"काय होणार? म्हातारी होऊन मेली."

तिला हसू आलं, मलाही. छातीवरचं ओझं इतकं सहज उतरेल असं वाटलं नव्हतं. फक्त ज्यांना सांगायचं होतं त्यांनाच सांगायचं राहिलं. त्यांच्या कुंपणाशी उभं राहून कितीदा जुळवलेलं वाक्य होतं ते: वहिनी, बिबट्या आलाच नव्हता. तुमचं काई चुकलं नाई. बार मी टाकला. मले माफ करजा.