थांबाबाई

उंटांच्या लेंड्या तपासण्यात बाईंची बावीस वर्षं गेली. त्यातला जंतू कमालीचा आळशी. प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढून डोळ्यांना दिसायला चार महिने घेणार, आणि तोवर तिकडे उंटाचं आतडं पोखरत राहणार. उंटवाले निकाल विचारायचे, बाई म्हणायच्या, "थांबा." म्हणून सगळे त्यांना थांबाबाईच म्हणत.

आज एका बाटलीत खसखशीएवढे ठिपके दिसले. दुखरे गुडघे चोळत बाईंनी फोन लावला. "काका, तुमच्या उंटिणीला आजार निघालाय."

"ती जाऊन दोन महिने झाले, ताई. वरातीमागून उंट म्हणायचं हे!" म्हातारा हसला. "तिचं पिल्लूही आता वाळत चाललंय. खातं, पण अंगी लागत नाही. लेंड्या आणू?"

"आणा." बाईंनी सवयीनं कॅलेंडरची चार पानं उलटली.

"आणि तोवर थांबू?"

नेहमीचा शब्द बाईंच्या ओठांवरच अडला.

"नका थांबू. आजच त्याला बाकीच्यांपासून वेगळं बांधा. माझी चूक निघाली, तर चार महिन्यांनी येऊन मला शिव्या घाला."