केदारला बोललेले पाय

मी तांडेल होतो. शिरोड्याचं मीठ मचव्यात भरून वरच्या बंदरांना पोचवायचं, हा माझा धंदा. वादळात डोलकाठी मोडलेली पाहिली आहे, दोनदा बुडता बुडता वाचलो आहे, आणि त्याची फुशारकीही पुष्कळ मारली आहे. पण खरं सांगायचं तर मी उंचीला भिणारा माणूस. माडापेक्षा उंच कधी चढलो नव्हतो, आणि माडावरही दुसऱ्यालाच चढवत आलो. त्यातून छाती कमजोर. एका पावसाळ्यात न्यूमोनियाने महिनाभर निजवून ठेवलं, तेव्हापासून बंदराची चढण चढलो तरी धाप लागायची. अशा माणसाने केदारनाथाला चालत येईन असा नवस बोलावा, याला काय म्हणायचं?

मुंबईची आगबोट मालवणला लागत होती त्या काळातली ही गोष्ट. माझी मुलगी शेवंती विषमज्वराने आजारी पडली. तिसऱ्या आठवड्यात तिने डोळे उघडायचं सोडलं. गावच्या सगळ्या देवांना बोलून झालं होतं. कोणाला कोंबडा, कोणाला नारळ, कोणाला तेल. दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो, समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर बर्फातलं केदारनाथाचं देऊळ. उरलेला देव तेवढाच. मनातल्या मनात म्हटलं, पोर उठू दे, तुझ्याकडे चालत येईन. डोलीत बसणार नाही, घोड्यावर बसणार नाही. चौथ्या दिवशी पोरीने पेज मागितली. घरात सगळे रडत होते, मीही रडलो, आणि रडता रडताच नवस आठवला. आता जावं लागणार!

दोन वर्षं कोणाला काही बोललो नाही. तेवढ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या गुरुजींनी बद्री-केदारची यात्रा काढली. आठ माणसं जमली, एका माणसाची जागा होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर गुरुजींनी माझ्या छातीकडे पाहिलं. म्हणाले, "थंय हवा पातळ आसता, तांडेल. चार पावलां चललंस काय छाती भरता. गेल्या खेपेक आमच्यातलो एक वाटेतच रवलो." त्या रात्रीपासून माझी झोप गेली. मी वाटेत राहिलो तर शेवंतीला उजवणार कोण? मचवा कोण चालवणार? आणि नाही गेलो तर? दिलेली पोर देव परत मागणार नाही ना? शेवंती नुसती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचो. दोन्हीकडून कात्रीत सापडलो होतो.

मग मी एक चलाखी केली. आमच्याकडे अडलेल्या कामाला ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मात्र बोललेल्या नवसावर कौल घ्यायचा नसतो. जे देणं आहे ते द्यायचं, त्यात विचारायचं काय? हे मला ठाऊक होतं. म्हणून नवसाचं लपवलं. उत्तरेच्या यात्रेला जावं की नाही, एवढंच गुरवाला सांगितलं, आणि मनात डावी पाकळी पडण्याची वाट बघत बसलो. देवानेच नको म्हटल्यावर दुसरा देव रागावणार कसा, असा माझा हिशेब.

एकही पाकळी पडली नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा पाणी लावलं. ऊन देवळाच्या पायरीवरून आत आलं, तरी पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. शेवटी गुरव माझ्याकडे वळला.

"काय तरी सांगूचा रवला हा तुझा. देवाक अर्धा सांगान कौल घेतत काय कोण?"

"नाय, सगळा सांगलंय," मी म्हटलं. देवासमोर खोटं बोललो. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. जेवायला बसलो, ताट सरकवलं, आणि बायकोने काय झालं विचारताच भडाभडा सगळं ओकलो. मला वाटलं ती चिडेल, रडेल, नाहीतर जाऊ नका म्हणेल. ती म्हणाली, "बोललात तर जावक व्हया. आणि जावचा तर आधी चलूक शिका. मचव्यात बसान बसान तुमचे पाय लाकडाचे झालेत." दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून जुन्या शिडाचं कापड काढलं, आत आपली दोन जुनी लुगडी घातली आणि माझ्यासाठी जाड कोपरी शिवायला घेतली. मालवणात लोकर कोणाकडे असणार? टाके घालताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी परत कसा येईन, येईन की नाही, हे तिलाही कळत नव्हतं.

तयारीचे दोन महिने मला आजही आठवतात. सकाळी बंदराचं काम, म्हणून दुपारी समुद्राच्या वाळूत चालायला जायचो. कॅनव्हासचे बूट आणले होते, पण त्यात वाळू भरायची. मग बूट हातात घेऊन अनवाणीच चालायचो. चैत्रातली वाळू ती, पाय टेकवत नसे. भराभर उचलत पार टोकापर्यंत जायचो आणि वाटायचं, काय सुधारणा झाली आपली! लोक हसायचे. "तांडेल, बूट पायात घालूचे आसतत!" मीही हसायचो. रात्री मात्र छातीवर हात ठेवून ठोके मोजायचो.

निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा परीक्षा घ्यायची ठरवली. दाणोलीला मोटारीतून उतरलो आणि आंबोलीचा घाट चढू लागलो. बूट पायात होते, कोपरी अंगात होती. पहिली तीन वळणं सपासप घेतली. चौथ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत कोणी मूठ आवळल्यासारखं झालं. दगडावर बसलो, सकाळची पेज बाहेर आली. हा घाट एवढासा, आणि तो हिमालय! इथेच ही दशा, तर तिथे माझं मढंच होणार. त्या दगडावर मी ठरवलं, जायचं नाही. देवाला काय करायचं ते करू दे म्हटलं, आणि लगेच शेवंतीचा चेहरा समोर आला नि मला हुंदका फुटला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या रस्त्याकडेला बसून रडत होतो.

खालून एक म्हातारी आली. धनगरीण असावी. डोक्यावर टोपली, तिच्यात तुपाची रिकामी मडकी आणि सुक्या बांगडा मासळीची जुडी. माझ्याजवळ थांबली.

"खंयचो तू?"

"मालवणचो, आजी."

"दर्याकडचो! म्हणानच पाय भाजल्यासारो चलतंस. खालसून बघतंय तुका. वर काय खंय पळान जाता?"

मी पायांकडे पाहिलं. दोन महिने तापल्या वाळूत पाय उचलायला शिकलो होतो, टेकवायला शिकलोच नव्हतो.

"उठ. तोंड मीट, नाकान श्वास घे. माज्या पाटोपाट ये. फुडे जावचा नाय," ती म्हणाली आणि चालू लागली. इतकं हळू की मला लाज वाटली. अख्खं पाऊल टेकवायची, त्यावर भार द्यायची, मग दुसरं. श्वास चुकायच्या आधीच थांबायची, न विचारता, आणि दम परत आला की न बोलता निघायची. मी तिच्या टाचांकडे बघत राहिलो. भेगा पडलेल्या, धुळीने भरलेल्या टाचा. किती वळणं गेली ते मोजलं नाही. दरीही पाहिली नाही. वारा गार लागला तेव्हा मान वर केली, तर आंबोलीची घरं दिसत होती.

मी नमस्काराला वाकलो. तिने टोपली सावरली. "देवाक जातंस मां? बरो पोचतलंस," म्हणाली आणि जंगलातल्या पायवाटेला लागली. केदारचं मी तिला सांगितलं होतं का? सांगितलं नसावं असं मला वाटतं. पण दमलेल्या माणसाला आपण काय बोललो ते कुठे आठवतं! मी त्यावर कधी वाद घातला नाही.

केदारला मी चालत गेलो. सगळ्यांच्या मागे, दर दहा पावलांना थांबत. भीती गेली नव्हती, ती कोपरीच्या आत माझ्यासोबतच चढत होती. वाटभर देवाकडे मागायचं ते जुळवत होतो: शेवंतीला बरं स्थळ, बायकोच्या डोळ्यांना आराम, मचव्याला आणखी चार वर्षं, माझ्या छातीला बळ. मोठी यादी झाली होती. गाभाऱ्यात पोचलो, थंडगार दगडाला हात लावला, आणि बोलायला श्वासच उरला नाही. आलो, एवढंच तोंडातून निघालं, "इलंय." मागच्या माणसाने सरका म्हटलं, मी सरकलो.

बाहेर बर्फाच्या कडेला बसल्यावर दम परत आला, पण पुन्हा रांगेत लागावंसं वाटलं नाही.

घरी आलो तेव्हा पावसाळा लागला होता. शेवंती पाय धुवायला पाणी घेऊन आली. नवसाचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "बाबा, माज्यासाठी देवाकडे काय मागलात?"

मी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी भरलेली घागर उचलून उभी होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"काय नाय गो," मी म्हटलं. "पोचपावती देऊक गेल्लंय."

तिला काही कळलं नाही. ती खाली बसली आणि माझ्या पायांवर पाणी ओतू लागली.