त्याच्या ठोशाचा संशय

बागेतल्या बाकावर तो धिप्पाड म्हातारा आपली सुजरी बोटं चोळत एकटाच बसला होता. एके काळचा हेवीवेट बॉक्सिंगचा विजेता. अंतिम लढतीत समोरचा पहिल्याच ठोशाला कोसळला, आणि लढतीचा निकाल आधीच ठरलेला होता अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हापासून गाव त्याला टाळतं.

मी शेजारी बसलो. न राहवून विचारलं, "दादा, ती लढत खरी होती का हो?"

"मी मारलं ते खरं," तो म्हणाला. "तो खरंच पडला की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक. त्याला विचारायचा धीर झाला नाही. आता तो वारला."

गावाने तो संशय आपापसांत वाटून घेतला होता. त्याला मात्र तो एकट्यालाच बाळगावा लागला.