घंटी गिटारमध्ये गेली

पागेकाकांच्या दाराशी मी पहिल्यांदा उभी राहिले ती विरजण मागायला. शेजारच्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बेलचं बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. शेवटी दार ठोठावलं, तेव्हा एक उंच, वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. कानावर पेन्सिल आणि बनियनवर लाकडाचा भुसा.

"तुमची बेल वाजत नाहीये," मी म्हणाले.

"हो, घंटी तर गिटारमध्ये गेली नं," ते म्हणाले. जगातल्या सगळ्या घंट्या शेवटी तिकडेच जातात अशा सुरात. मी हातात वाटी घेऊन बघत राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला विरजण देऊन टाका आधी. नाहीतर ते पण जाईल गिटारमध्ये."

मी साताऱ्याची, लग्न होऊन इंदूरला आलेली. इथलं मराठी आणि इथली माणसं या दोन्हींची सवय व्हायची होती. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे वायरींशी त्यांची जन्माची ओळख, आणि आता घरी बसून विजेवर वाजणाऱ्या गिटारी बनवतात, एवढं समजायला मला आठवडा लागला. त्या गिटारीच्या तारांखाली एक चुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तार हलली की आवाज उठतो आणि वायरीनं जोडलेल्या स्पीकरच्या पेटीतून बाहेर येतो. तशीच बारीक तार घंटीत सापडली, म्हणून घंटी गेली. इतकं साधं.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसलेच नाहीत. बोटाच्या पेरानं दिवाण ठोकला, वाकून कान लावला. मग कपाट, मग दार. "हे बोलून राहिलंय," दाराबद्दल म्हणाले. आमच्या नव्याकोऱ्या जेवणाच्या टेबलाला दोनदा ठोकून माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीनं बघत म्हणाले, "मुकं आहे भिया. प्लाय आहे." टेबल मी पसंत केलं होतं, त्यामुळे चहात साखर जरा कमीच पडली. माझ्या रुखवतातल्या सागवानी चौरंगाकडे मात्र त्यांनी अशा काही नजरेनं पाहिलं, की ते गेल्या गेल्या मी तो उचलून बेडरूममध्ये नेऊन ठेवला.

शैलाकाकू त्यांची यावरून यथेच्छ टिंगल करायच्या. "विजेवर चालणारी वस्तू. आवाज चुंबकाचा, तार तांब्याची. लाकूड काय करतंय त्यात?"

"लाकूड ऐकतं नं," काका म्हणायचे. "कोणी ऐकणारं नको का?"

त्यांची बाल्कनी म्हणजे कारखाना. पाडलेल्या घरांचे दरवाजे, शाळेतला मोडका बाक, कुणाच्या तरी पलंगाची पाठ असं सगळं तिथे रचलेलं. काकूंच्या शिवणयंत्राचं चाक फिरवून काका चुंबकावर तार गुंडाळायचे आणि काकूंचं अर्धं शिवलेलं ब्लाउज बाजूला पडून राहायचं. बारीक कामाच्या कानशी सराफ्यातल्या एका सोनाराकडून आणलेल्या. कथील वितळवून वायरीचा जोड मारावा तर तो काकांनीच. जोड मारला की ते तो चष्म्याजवळ धरून बघायचे, आणि मनासारखा गोल, चकचकीत नसला तर पुन्हा वितळवायचे. गावाबाहेरच्या राऊच्या कॉलेजांतली मुलं आपल्या गिटारी दुरुस्तीला घेऊन यायची. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खोलू?" तो विचारताना त्यांच्या डोळ्यांत अशी चमक यायची, की नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे. नुसती तार बदलायला आलेला एक मुलगा पुढच्या महिन्यात वेगळ्याच रंगाची गिटार घेऊन घरी गेला. वर काका म्हणतात, "चालू वस्तू खोलून बघितल्याशिवाय तिची ओळख होत नाही, बेटा."

दुसऱ्यांसाठी ते हव्या त्या आकाराची गिटार करत. स्वतःच्या मनानं मात्र एकच प्रकार, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची हवाईयन. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातातला स्टीलचा दांडू तारांवरून सरकवायचा, की सूर पाण्यावरून यावा तसा वाहत येतो. ती काकूंसाठी.

त्यामागची गोष्ट काकूंनीच मला सांगितली, वाटाणे सोलता सोलता. लग्नाआधी त्या मराठी मंडळींच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या. गिटार ऑर्केस्ट्रावाल्याची. एका गणेशोत्सवात त्यांनी एकटीनं एक गाणं वाजवलं. काका तेव्हा स्वयंसेवक होते, गाणं संपलं की पडदा पाडायचं काम त्यांच्याकडे. "गाणं संपलं, टाळ्या संपल्या, लोक उठून पोहे खायला गेले," काकू म्हणाल्या. "आणि हा माणूस दोरी धरून उभाच. मी स्टेजवर, पडदा काही पडेना. शेवटी मीच म्हटलं, अहो सोडा की आता." पुढे लग्न झालं. ऑर्केस्ट्रावाला गाव सोडून गेला आणि त्याच्याबरोबर ती गिटारही गेली. मूलबाळ झालं नाही. नोकऱ्या करण्यात वर्षं गेली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काकांनी घरातला पहिला दरवाजा ठोकून बघितला. त्या संध्याकाळचा आवाज त्यांना परत हवा होता, आणि तो ओळखू शकणारं माणूस त्यांच्याशिवाय एकच होतं.

नवी गिटार तयार झाली की तिच्या परीक्षेला मलाही बोलावणं असे. देवापाशी दिवा लागला की काकू हात धुऊन, पदराला पुसून चटईवर बसायच्या. काका समोर कधी बसत नसत. बाल्कनीच्या दारातला पडदा हातात धरून उभे राहायचे. काकू तेच जुनं गाणं वाजवायच्या. मला तर प्रत्येक वेळी ते ऐकून भरून यायचं. संपलं की क्षणभर डोळे मिटून त्या निकाल द्यायच्या, "छान झालंय. पण तो नाही."

"कोई बात नी," काका म्हणायचे. "खोलू वापस." आणि स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला वळायचे.

एकदा मला राहवलं नाही. काकांचा उतरलेला चेहरा बघून मी काकूंना म्हटलं, "एकदा हो म्हणून टाका की. काय बिघडेल?"

"खोटं कशाला बोलू, मीनल?" त्या म्हणाल्या. "आणि हो म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी हा माणूस करेल काय?"

मग काकू आजारी पडल्या. दुखणं पोटात होतं आणि सापडलं तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. हात इतके बारीक झाले, की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. काका दवाखान्यातून त्यांना घेऊन घरी यायचे, झोपवायचे आणि बाल्कनीत जायचे. लाकूड हलकं हवं म्हणून त्यांनी सगळे साठे उलटेपालटे केले. मी न विचारता माझा रुखवतातला चौरंग नेऊन दिला. त्यांनी तो ठोकला, कान लावला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या चौरंगाची गिटार त्यांनी घाईत केली. आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली असावी. काकूंना उशांचा टेकू देऊन बसवलं, मांडीवर गिटार ठेवली. पेटी सुरू केली तर आधी घूं असा बारीक आवाज यायला लागला. काका पुढे झाले, पण काकूंनी मानेनंच त्यांना थांबवलं. दांडू हातातून निसटत होता. गाणं अर्धंच वाजलं, तेही थांबत थांबत, आणि मागे ती घूं चालूच. पडद्यापाशी काका उभे.

काकूंनी डोळे मिटले. उघडले.

"हाच," त्या म्हणाल्या.

"पक्कं?"

"पक्कं. आता खोलायचं नाही. या, बसा इथे."

काकांनी पडदा सोडला आणि त्यांच्यापाशी येऊन बसले. मी हळूच दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून बाल्कनीतून करवतीचा आवाज आला नाही. काकू पौषात गेल्या.

त्यानंतर दुपारी भिंतीपलीकडून घूं ऐकू यायची. गाणं नाही, सूर नाही, नुसती घूं. पहिल्यांदा मला वाटलं त्यांचा फ्रिज बिघडला. विचारायला म्हणून गेले. काका चटईवर बसलेले, शेजारी ती गिटार, पेटी चालू.

"काका, ही घूं कसली हो?"

"एक जोड सुटलाय. अर्थिंगचा. मिनिटाचं काम आहे."

"मग?"

"तिनं सांगितलं नं, खोलायचं नाही." त्यांनी पेटीचा आवाज जरा कमी केला. मग म्हणाले, "खोटं बोलली ती, बेटा. ऑर्केस्ट्रातल्या त्या गिटारमध्ये घूं नव्हती. मला काय समजत नाही? पण खोलली असती तर महिना गेला असता माझा बाल्कनीत. तिच्याकडे महिना कुठे होता? तिला मी जवळ बसायला पाहिजे होतो. तर बसलो."

जन्मभर खोटा जोड सहन न झालेला हा माणूस. तो त्या सुटलेल्या जोडाशेजारी रोज दुपारी बसायचा. मी विरजणाचा काहीतरी बहाणा करून उठले.

काही दिवसांनी त्यांच्याकडे गेले आणि सवयीनं दार ठोठावलं. काका दार उघडून म्हणाले, "घंटी वाजव नं." मी बटण दाबलं. डिंग-डाँग! मी दचकलेच. त्यांनी एका जुन्या गिटारीतून तार काढून घंटी पुन्हा जोडली होती. "आता कोणी आलं तर समजायला पाहिजे," ते म्हणाले. "पहिले ती ऐकायची."

गेल्या पावसाळ्यात काका गेले. त्या दुपारी घूं सुरू झाली, ती दिवेलागणीपर्यंत थांबली नाही. मी बेल वाजवली, पुन्हा वाजवली. ती व्यवस्थित वाजत होती. शेवटी दार ढकलून आत गेले. चटईवर ते भिंतीला टेकून बसलेले होते, पेटी चालू होती. घर आवरायला आलेल्या पुतण्यानं ती गिटार पेटीसकट माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "काकांनी सांगून ठेवलं होतं, चौरंग मीनलला वापस द्यायचा."

मला गिटार वाजवता येत नाही. काकांकडे दुरुस्तीला येणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं आपणहून ती बघितली आणि म्हणाला, "दीदी, एक वायर निकली है बस." मी गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. सुट्टीच्या दिवशी दुपारी घर शांत असलं की मी पेटी सुरू करते. इतकी आठवण येते दोघांची, की कधीकधी भिंतीला कान लावून बसावंसं वाटतं. पलीकडे आता दुसरं बिऱ्हाड आहे.

परवा त्या बिऱ्हाडातली नवी सून आली. दारातच घुटमळत म्हणाली, "काकू, तुमच्याकडे काही बिघडलंय का? आमच्या भिंतीतून घूं असा आवाज येऊन राहिलाय."

"हो गं," मी म्हटलं. "एक जोड सुटलाय. ये, बस जरा."