धुतलेला नमुना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कितीदा तरी सुरुवात केली आणि — दुसरंच काहीतरी बोललो.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवायचो. आमच्याकडे वर्णपट घेणारं एक यंत्र होतं. दगडावर प्रकाश टाकायचा, परतलेल्या प्रकाशाचा आलेख काढायचा, त्यातल्या खड्ड्यांवरून खनिज ओळखायचं.

बार्शीटाकळीजवळ भाजीचा मळा करणारे सुलेमानभाई एकदा पिशवीत दगड घेऊन आले. मळ्याशेजारच्या रस्त्याला भराव म्हणून कोळशाच्या खाणीतला टाकाऊ दगड टाकला होता. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी बिघडलं, पालक जळाला. त्या वर्षांत वऱ्हाडात पीक गेलं की कारण कोण विचारत होतं?

"सर, हे पिवळं काय होय, तुमच्या मशिनीले इचारा. घरची म्हणते, मीच इहिरीत बिलिचिंग जास्त टाकलं. तिले काई मशीन लागत नाही."

मी हसलो. आणि सवयीने दगड ब्रशने घासून धुतले — कपाटात मांडायचे नमुने धुतो तसे. पिवळा थर मोरीत गेला. धुतलेल्या दगडांचा आलेख काढून अहवालात लिहिलं: साधी चिकणमाती, अपाय नाही.

महिन्याभराने पिशवीत उरलेला एक दगड न धुता यंत्राखाली ठेवला. का? मन लागत नव्हतं, एवढंच. आलेख स्पष्ट होता — जॅरोसाइट. दगडातून आम्ल झिरपतं तिथे हे पिवळं खनिज धरतं. दोष भरावाचाच होता. दुसरा अहवाल लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण मी विभागप्रमुख होणार होतो, आणि ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरांनीही केली नसती — लोक हसले असते. दगड खिडकीबाहेर फेकला.

रस्त्याच्या ठेकेदाराने माझा कागद दाखवून हात वर केले. सुलेमानभाईंचा मळा सुटला. पुढे ते बाजारात भेटले, दुसऱ्याची भाजी विकताना.

"मशीन कावून खोटं बोलंन, सर? माह्याच हातानं बिलिचिंग जास्त झालं असंन."

मी काय म्हणालो? — "असेल."

आता ते नाहीत. निवृत्तीनंतर एकदा मात्र त्यांच्या घरी गेलो होतो. विहीर तुम्ही बिघडवली नव्हती, चूक माझी होती, माफ करा — एसटीत वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, समोर बसले. मी विचारलं, नातवंडं काय करतात.